भुताचा अर्ज

दक्षिण कोरियातल्या मिर्यांग गावाची ही जुनी गोष्ट. तिथे नवा अंमलदार (आपण त्याला मामलेदार म्हणू) रुजू झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेला सापडायचा. जखम नाही, विषाची खूण नाही, नुसता धसक्याने गेलेला. असे काही जण गेल्यावर त्या जागेवर यायला कुणी तयार होईना. शेवटी एक धीराचा माणूस आला. पहिल्या रात्री दिवा लावून तो जागत बसला. मध्यरात्री केस मोकळे सोडलेली, रक्ताने माखलेली एक मुलगी आत आली. हा जागचा हलला नाही. काय काम आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिने आपली फिर्याद मांडली.

ती आरांग, आधीच्या एका मामलेदाराची लेक. तिची दाई फितूर झाली आणि चांदणं बघायच्या निमित्ताने तिला योंगनाम्नू या नदीकाठच्या मंडपात घेऊन गेली. तिथे कचेरीतल्याच एका हलक्या नोकराने तिच्यावर हात टाकला. ती झगडली, तेव्हा त्याने तिला मारून बांबूच्या बनात फेकून दिलं. बापाला वाटलं, पोरगी पळून गेली. शरमेने तो गाव सोडून गेला. तेव्हापासून ती प्रत्येक नव्या साहेबाकडे दाद मागायला येत होती, आणि प्रत्येक साहेब तिचं म्हणणं ऐकून घ्यायच्या आधीच मरत होता. ‘उद्या सगळा नोकरवर्ग हजर ठेवा, मी फुलपाखरू होऊन येते,’ असं तिने या साहेबाला सांगितलं. फुलपाखरू एका माणसाच्या अंगावर बसलं. प्रेत सापडलं, खुन्याला शिक्षा झाली, साहेबांचं मरणसत्र थांबलं. योंगनाम्नूच्या खाली आरांगचं छोटं देऊळ आजही आहे.

या लोककथेवर ‘आरांग अँड द मॅजिस्ट्रेट’ ही मालिका एमबीसी वाहिनीवर २०१२ साली आली. कोरियन मालिकांचं व्यसन लागलेल्या माझ्या मावशीला मी ती दाखवली, तर तिसऱ्या भागातच तिने हरकत घेतली. “भूत आहे ना ती? मग सरळ जाऊन त्या मेल्याचा गळा का नाही दाबत? हापिसात काय खेटे घालते?”

मावशीचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडची हडळ असती तर चौथ्या भागापर्यंत हिशेब चुकता झाला असता. कोरियन ऐतिहासिक मालिकांना ‘सागुक’ म्हणतात. त्यातला भुताखेतांचा, जादूटोण्याचा प्रकार पाहणाऱ्याला सारखे असेच प्रश्न पडतात. राजा मेला तरी मेला म्हणून जाहीर का करत नाहीत? यमदूताला एक पोरगी न्यायला अठरा-एकोणीस वर्षं का लागतात? मग आपण म्हणतो, कथानकात भोक आहे. मला हळूहळू असं दिसायला लागलं, की पुष्कळदा ते भोक नसतं. तिथे एक नियम असतो आणि तो कोरियन प्रेक्षकाला न सांगता माहीत असतो.

जोसॉन घराण्याचं राज्य १३९२ ते १९१० असं पाचशेवर वर्षं चाललं. बहुतेक सागुक याच काळात घडतात. यी सोंग-ग्येने आधीचं गोर्यो राज्य उलथवलं आणि नव्या राज्याला कन्फ्यूशियसच्या विचाराचा पाया दिला. बौद्ध भिक्खूंना राजधानीत शिरायला बंदी झाली, ती उठली थेट १८९५ मध्ये. या नव्या व्यवस्थेत स्वर्ग-नरकापेक्षा मोठा होता तो पितरांचा हक्क. आईबापांच्या, आजा-पणजांच्या तिथीला जेवण मांडायचं, दारू ओतायची, जमिनीला कपाळ टेकायचं. हा विधी म्हणजे ‘जेसा’. राजघराण्याच्या पितरांच्या नामपट्ट्या सोलच्या जोंगम्यो देवळात ठेवलेल्या आहेत आणि तिथला मोठा विधी आजही दरवर्षी मे महिन्यात होतो. सागुकमधले मंत्री गुडघ्यावर बसून एका सुरात राजाला विनवतात तेव्हा जोंगम्योचं नाव हमखास घेतात. त्यांच्या लेखी जोंगम्यो म्हणजेच राज्य. पूर्वजांची पट्टी जाळणं हा राजद्रोहाच्या तोडीचा गुन्हा होता. यून जी-छुंग या कॅथलिक झालेल्या गृहस्थाने १७९१ मध्ये तेच केलं आणि त्याचा शिरच्छेद झाला.

आता आरांगकडे परत जाऊ. ती लग्नाआधी मेली. नवरा नाही, मुलगा नाही, म्हणजे तिला जेसा घालणारं कुणी नाही. वर बापाच्या समजुतीप्रमाणे ती पळून गेलेली, कुळाला बट्टा लावणारी. खुन्याचा गळा दाबून यातलं काय दुरुस्त होणार? तिला हवी होती नोंदीतली दुरुस्ती. ती पळाली नव्हती, तिला मारलं, हे सरकारदरबारी लिहिलं जायला हवं होतं. ते काम फुलपाखराने होत नाही. त्याला मामलेदारच लागतो. कोरियन भयपटांतली पांढऱ्या कपड्यांतली, मोकळ्या केसांची अविवाहित मुलगी आपण हजारदा पाहिली असेल. ती जमातच या विधीच्या बाहेर राहिलेल्यांची आहे. कावळा न शिवलेल्या पिंडाची धास्ती ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मालिकेने त्या गोष्टीवर आणखी एक मजला चढवला. वर स्वर्गात जेड सम्राट आणि पाताळाचा राजा योमरा पटावर ‘बादुक’ खेळत बसलेले असतात. स्मरण हरवलेल्या आरांगला ते देह परत देतात, पण मुदत घालून: तीन पौर्णिमांच्या आत स्वतःच्या मरणाचं सत्य शोध. मुदतीचा अर्ज, मंजुरी, अटी. देवही कचेरीच चालवतात.

*

हाच पितृऋणाचा कायदा झोंबींना लावला की काय होतं, ते किम उन-ही या लेखिकेने ‘किंगडम’मध्ये दाखवलं. नेटफ्लिक्सवर जानेवारी २०१९ मध्ये ही मालिका आली तेव्हा जगाने तिच्याकडे ‘टोपीवाले झोंबी’ म्हणून पाहिलं. मला ती उत्तराधिकाराच्या कायद्यावरची मालिका वाटते. राजा देवीच्या रोगाने मेला आहे. राणीच्या पोटात मूल आहे, अजून जन्मलेलं नाही. युवराज आहे, पण तो उपपत्नीचा मुलगा. राजाचा मृत्यू आज जाहीर झाला तर गादी युवराजाकडे जाईल. तो राणीला मुलगा होईपर्यंत लांबला, तर ती सासऱ्याच्या म्हणजे राणीच्या बापाच्या मुठीत राहील. म्हणून मेलेल्या राजाला एका वनस्पतीच्या रसाने ‘जिवंत’ ठेवलं जातं. साथ पसरते ती या एका कायदेशीर गरजेतून आणि त्यावर पडलेल्या भुकेतून. राजवाड्यातून आलेलं एक प्रेत उपाशी लोक शिजवून खातात, आणि मग आवरता येत नाही.

दोंग्ने गावात प्रेतं दिवसा निपचित पडलेली असतात. सूर्य मावळायच्या आत ती जाळली किंवा मुंडकी छाटली तर संकट टळेल. पण उमराव आडवे येतात. देह, केस, कातडी ही आईबापांची देणगी. तिला इजा करणं म्हणजे पितृद्रोह. गरिबांची प्रेतं जाळा, आमच्या घरच्यांची नाही. एक म्हातारी तर कुळातल्या एकुलत्या एका मुलाचं प्रेत पेटीत लपवून पळून जाणाऱ्या गलबतावर चढवते. पुढचं सांगायला नको. हा भाग पाहताना परदेशी प्रेक्षक ‘किती मूर्ख आहेत’ म्हणून वैतागतात. पण १८९५ मध्ये सरकारने पुरुषांना शेंडीसारखा डोक्यावर बांधलेला बुचडा कापायचा हुकूम काढला, तेव्हा त्याविरुद्ध माणसं हत्यारं घेऊन उठली होती. नुसत्या केसांसाठी. त्या म्हातारीच्या हातून कथानकाची चूक होत नाही. ती शास्त्राप्रमाणे वागते, आणि म्हणून माणसं मरतात. भयकथेत याहून भयंकर काही मला तरी सुचत नाही.

*

योमरा हे नाव वाचून काही ओळखीचं वाटलं का? वाटायला हवं. तो आपला यम आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर यमराजा चीनमध्ये गेला, तिथे त्याला न्यायाधीशाची वस्त्रं आणि लेखनिक मिळाले. कोरियात पोचेपर्यंत तो दहा राजांच्या न्यायमंडळातला एक झाला होता, ‘योमरा देवांग’. मेल्यावर दर सात दिवसांनी एक सुनावणी, सात सत्ते एकोणपन्नास दिवसांत निकाल. म्हणून कोरियन बौद्ध घरांत एकोणपन्नासाव्या दिवशी विधी करतात, आणि म्हणून ‘४९ डेज’ नावाची मालिका निघते. ‘अलाँग विथ द गॉड्स’ हा जू हो-मिनच्या वेबटूनवरचा २०१७ चा चित्रपट तर सबंध याच वेळापत्रकावर चालतो: सात नरक, सात खटले आणि मेलेल्याच्या बाजूने भांडायला तीन यमदूत वकील.

त्यातला पुढारी दूत गांग्निम हा जेजू बेटावरच्या एका गाण्यातला आहे. तिथल्या भगतिणी आणि भगत मृतासाठी जागर घालताना ते गातात. एका बाईची तीन मुलं एकाच दिवशी मेली. ती रोज कचेरीत येऊन तक्रारी करू लागली, इतक्या की मामलेदार वैतागला. त्याने गांग्निम नावाच्या शिपायाला हुकूम केला: जा, योमराला पकडून आण. होय, यमावर समन्स! गांग्निमने त्याला खरोखर हजर केलं. योमराने सगळ्यांसमोर उलगडा केला, की ही मुलं म्हणजे याच बाईने पूर्वी ठार केलेले तीन भाऊ. मग योमराला हा शिपाई इतका आवडला, की त्याने त्याला आपल्याच नोकरीत घेतलं. पुढे गांग्निमकडे एक यादी आली, कुणी कोणत्या क्रमाने मरायचं त्याची: आधी म्हातारे, मग तरणे. आळसाने त्याने ती कावळ्याकडे दिली. कावळ्याने ती वाटेत हरवली आणि तोंडाला येईल तसं ओरडला. तेव्हापासून माणसं वयाच्या क्रमाने मरत नाहीत.

आपला कावळा आणि त्यांचा कावळा असे एका फांदीवर बसलेले पाहून मी बराच वेळ पुढे वाचलंच नाही.

किम उन-सुक यांची ‘गॉब्लिन’ ही मालिका (डिसेंबर २०१६ ते जानेवारी २०१७) याच कचेरीतली. तिच्यात यमदूताला रोज चिठ्ठ्या मिळतात: नाव, वय, मरणाची वेळ, कारण. नायिका उन-ताक गर्भात असतानाच मरायची होती, पण कुणाच्या तरी दयेने वाचली. त्यामुळे तिचं नाव कुठल्याच चिठ्ठीत नाही. दूतांच्या भाषेत ती ‘गिता नुराक्जा’, म्हणजे ‘इतर, नोंदीतून राहून गेलेली’. तिला न्यायचं तर आधी कागदपत्रं तयार करावी लागतात, आणि यमदूताला त्याचा कंटाळा आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा उशीर झाला तो असा. मावशीला हे एका वाक्यात पटलं. तिने चार वर्षं एका कचेरीत पेन्शनच्या फाइलमागे चकरा मारल्या आहेत.

त्याच मालिकेतला विस्मरणाचा चहा मात्र मला पटत नाही. मेलेल्याने तो प्यायचा, म्हणजे गेल्या जन्मातलं सगळं विसरायचं. श्रद्धा जुनी आहे, मान्य. पण कोरियन पटकथाकारांनी तिच्यावर इतका भार टाकला आहे, की चौदाव्या भागात स्मृती परत येणार हे पहिल्या भागातच कळतं.

काळा अंगरखा, काळी ‘गात’ टोपी, पांढराफटक चेहरा हा यमदूताचा वेषही जुना असेल असं वाटतं ना? तसं नाही. जुन्या बौद्ध चित्रांत दूत रंगीत कपड्यांतले शिपाई-अधिकारी दिसतात. काळा दूत केबीएस वाहिनीच्या ‘जोनसोलुई गोह्यांग’ (दंतकथांचं गाव) या १९७७ पासूनच्या मालिकेत निर्माते चे सांग-शिक यांनी घडवला. तो लोकांच्या मनात असा बसला, की आता कोरियन माणूस मरताना काळी टोपीच पाहतो. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीचं जे झालं तेच.

*

कन्फ्यूशियसच्या कचेरीला जे झेपत नव्हतं, ते बायकांनी सांभाळलं. ‘मुदांग’ म्हणजे अंगात येणारी भगतीण. आधी तिला देवाचा आजार होतो: झोप नाही, अन्न नाही, स्वप्नं, भास. देव स्वीकारल्याशिवाय तो बरा होत नाही. मग दीक्षेचा ‘गुत’ होतो. ढोल, झांजा, रंगीत अंगरखे, आणि तिच्या तोंडून मेलेली माणसं घरच्यांशी बोलतात. जोसॉनमध्ये मुदांगची जागा समाजाच्या तळाशी होती. तिच्यावर कर होता, राजधानीतून तिला वारंवार हाकललं जाई. आणि त्याच राजधानीत, राजवाड्यासाठी सोंगसुचोंग नावाचं भगतिणींचं खातं होतं. पंडितांचं राज्य दिवसा, भगतिणींचं रात्री.

या दुटप्पीपणावर एमबीसीची ‘मून एम्ब्रेसिंग द सन’ (२०१२) उभी आहे. राजमाता पंडितांसमोर धर्मशास्त्र बोलते आणि मागच्या दाराने सोंगसुचोंगच्या मुख्य भगतिणीला भावी नातसुनेला मंत्राने मारायला सांगते. भगतीण मारल्याचं सोंग करते, मुलगी थडग्यातून बाहेर येते, स्मृती हरवून स्वतःच भगतीण होते, आणि राजाची इडापिडा आपल्या अंगावर ओढून घ्यायला त्याच्याच शय्येशेजारी ठेवली जाते. त्याची होऊ शकणारी राणी त्याच्या उशाशी लिंबू-मिरचीसारखी टांगलेली! मालिकेचा सर्वोच्च प्रेक्षकांक ४२.२ टक्के होता.

इतिहास तरी कुठे कमी नाट्यमय आहे? जो ग्वांग-जो या कडव्या पंडिताने राजा जुंगजोंगच्या मागे लागून १५१८ मध्ये ताओ पंथाचं सरकारी देवालय बंद करवलं. पुढच्याच वर्षी त्याला विषाचा प्याला मिळाला. आख्यायिका अशी, की त्याच्या वैऱ्यांनी राजवाड्याच्या बागेतल्या पानावर मधाने अक्षरं काढली, किड्यांनी मध असलेला भाग खाल्ला, आणि पानावर उमटलं: ‘जो राजा होणार’. अंधश्रद्धेविरुद्ध लढलेला माणूस शकुनाच्या पानाने मेला. मालिकेत दाखवलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

मुदांग कुणाला पुजतात हे पाहिलं की मला या सगळ्या कथांचं मूळ सापडल्यासारखं वाटतं. त्यांच्या देवांत विजेते फारसे नाहीत. सेनापती चे योंग आहे: गोर्योचा निष्ठावंत, ज्याला यी सोंग-ग्येने १३८८ मध्ये मारलं. काकाने गादीवरून ढकललेला आणि १४५७ मध्ये मरण पावलेला पोरवयातला राजा दानजोंग आहे. बापाने १७६२ मध्ये तांदळाच्या पेटीत कोंडून मारलेला युवराज सादो ‘पेटीचा राजा’ म्हणून आहे. अन्यायाने गेलेल्याच्या मनात जे साकळून राहतं, त्याला कोरियन लोक ‘हान’ म्हणतात. ज्याचं हान मोठं, त्याची शक्ती मोठी, आणि त्याला शांत केलं तर तो राखण करतो. आपल्या वेशीवरच्या वीरगळांपुढे नारळ फोडणाऱ्यांना ही रीत नवी नाही.

‘गॉब्लिन’चा नायक किम शिन म्हणजे या देवांचाच सख्खा भाऊ. गोर्योचा सेनापती, रणात जिंकून आलेला, मत्सरी राजाने मारलेला, छातीत तलवार घेऊन लोकांच्या प्रार्थनांमुळे परतलेला. गंमत म्हणजे लोककथेतला ‘दोक्केबी’ (म्हणजेच गॉब्लिन) असा राजबिंडा मुळीच नाही. तो जुन्या केरसुणीतून जन्मतो, वाटसरूंशी कुस्ती खेळतो आणि कुट्टूच्या वड्यांवर जीव टाकतो. लेखिकेने त्या केरसुणीला चे योंगचं दुःख दिलं आणि गोंग यू हा नट दिला. कुट्टू मात्र विसरली नाही. किम शिन नायिकेला देतो तो गुच्छ कुट्टूच्या फुलांचा असतो.

सोलमध्ये भगतिणींचं मुख्य देऊळ गुकसादांग. ते मुळात नामसान डोंगरावर होतं. जपान्यांनी तिथे आपलं शिंतो देवस्थान उभारलं, तेव्हा १९२५ मध्ये हे देऊळ इनवांगसानवर हलवावं लागलं. तिथे आजही गुत होतात आणि खाली शहर दिसतं. त्या देशात २०१५ च्या जनगणनेत ५६.१ टक्के लोकांनी ‘धर्म: नाही’ असं लिहिलं.

*

पण लेखकांना एवढं रान मोकळं कसं मिळालं? माझं उत्तर: दप्तरामुळे. ‘सिल्लोक’ म्हणजे जोसॉनच्या राजवटींची सरकारी बखर. १३९२ पासून १८६३ पर्यंत ४७२ वर्षं, १,८९३ खंड. राजाला ती वाचायचा अधिकार नव्हता. तेजोंग राजा १४०४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठताच म्हणाला, बखरकाराला कळू देऊ नका. बखरकाराने तेही लिहून ठेवलं. सेजोंगच्या काळात १४२२ मध्ये ग्रहणाचं भाकीत पंधरा मिनिटांनी चुकलं. राजा शोकवस्त्रांत अंगणात तिष्ठत राहिला आणि ज्योतिष्याला फटके बसले. ही शिक्षाही नोंदली गेली.

इतकी बारीक नोंद असली, की न समजणारी गोष्टही तितक्याच कोरड्या शब्दांत येते. ग्वांगहे राजाच्या काळात, १६०९ मध्ये, गांगवान प्रांताच्या सुभेदाराने कळवलं: अमुक तारखेला, अमुक वेळी, इतक्या गावांत आकाशात चमकती वस्तू दिसली; एका घराच्या अंगणात तर हात-तोंड धुण्याच्या घंगाळाएवढी गोल. चारशे वर्षांनी पटकथाकाराने ती नोंद उचलली आणि परग्रहावरून आलेला नायक त्याच दिवशी उतरवला. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ची सुरुवात ती. कल्पिताला उभं राहायला तारीख-वार मिळाला. या लोकांच्या भुतांना खरेपणा येतो तो या दप्तरातून.

आणि फटकाही तिथूनच बसतो. एसबीएस वाहिनीवर २२ मार्च २०२१ ला ‘जोसॉन एक्झॉर्सिस्ट’ सुरू झाली: तेजोंगच्या राज्यात पिशाच्चं, आणि ती काढायला युरोपातून आलेला पाद्री. पाद्र्याच्या पाहुणचाराच्या ताटात चिनी मूनकेक आणि काळी पडलेली अंडी होती, आणि भ्रमिष्ट तेजोंग प्रजेला कापत सुटला होता. पिशाच्चांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मूनकेकवरून आग लागली. चीन आमची संस्कृती आपली म्हणवतो आणि तुम्ही त्याला पुरावा पुरवता? तेजोंगचे वंशज असलेल्या जोंजू यी कुळाच्या संघटनेनेही निषेध केला. जाहिरातदार पळाले. बहुतेक चित्रीकरण उरकलेलं असतानाही दोन भागांत मालिका कायमची बंद झाली. त्याच लेखिकेच्या ‘मिस्टर क्वीन’मध्ये एका पात्राने सिल्लोकला गावगप्पांचं चोपडं म्हटलं होतं, तेव्हाही निर्मात्यांना माफी मागावी लागली होती. पुंगयांग जो कुळाच्या तक्रारीवरून त्या मालिकेत कुळाचं नाव ‘पुंगान जो’ करण्यात आलं. जेसा घालणारे वंशज जिवंत आहेत आणि ते टीव्ही पाहतात. या बाबतीत आपण कोरियन लोकांना हसायच्या स्थितीत नाही.

मग लेखकांनी पळवाट काढली. ‘लव्हर्स ऑफ द रेड स्काय’ने सेजोंगच्या काळातली कादंबरी घेतली, पण पडद्यावर राज्याचं नाव बदलून ‘दान’ केलं. ‘अल्केमी ऑफ सोल्स’ तर सरळ देहो नावाच्या, नकाशावर नसलेल्या देशात घडते. तिथे कुणाचे पणजोबा नाहीत, त्यामुळे तक्रार नाही. पण मला त्या देशात करमत नाही. जादू भरपूर आहे, तलवारी चमकतात, आत्मे या देहातून त्या देहात जातात, आणि कुणाला कशाचीच परवानगी लागत नाही. नियम लेखक दर आठवड्याला नवे करतो. किंगडममधल्या म्हातारीच्या पेटीएवढं वजन तिथल्या एकाही मंत्राला नाही.

परवा मावशीला मी यागवांगग्वीची गोष्ट सांगितली. नववर्षाच्या रात्री हे भूत घरोघर हिंडतं आणि उंबऱ्यावरचे जोडे पायात घालून बघतं. ज्याचे बसतील ते घेऊन जातं, आणि त्या माणसाचं वर्ष वाईट जातं. म्हणून लोक जोडे आत ठेवतात आणि दाराशी चाळणी टांगतात. भूत आलं की चाळणीची भोकं मोजायला लागतं. मोजताना चुकतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. तेवढ्यात कोंबडा आरवतो आणि त्याला रिकाम्या हाताने परत जावं लागतं.

“भोकं मोजत बसतं?” मावशी म्हणाली. “रात्रभर? मग हेही हापिसातलंच.”